'द हॉन्टिंग' (१९६३) ब्लू-रेवर पाहिला : दोष डिस्कचा, टीव्हीचा की आमच्या घराचा?

पडवीकर | १९ जुलै, रात्री ११:४८

मंडळी, नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज तक्रार घेऊन आलोय.

गेला महिनाभर केळशीच्या घरी मुक्काम आहे. पणजोबांनी बांधलेलं घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो असं. आत्या इथे एकटी असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी लॅपटॉप घेऊन इथूनच काम करतोय. येताना टीव्ही, ब्लू-रे प्लेयर आणि डिस्कांचा एक खोका गाडीत टाकला. पावसात संध्याकाळी सातनंतर इथे माणसाने करायचं काय?

तर परवा रॉबर्ट वाइजचा 'द हॉन्टिंग' लावला. १९६३चा, कृष्णधवल. (१९९९मध्ये याच नावाने जे काढलं त्याचा उल्लेख या धाग्यावर करू नये, विनंती.) ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हिल हाउस नावाची बदनाम हवेली, तिचा अभ्यास करायला आलेला एक डॉक्टर, त्याने बोलावलेल्या दोन बायका (नेल आणि थिओ; नेल म्हणजे ज्युली हॅरिस) आणि पुढेमागे ज्याच्या नावावर ती हवेली होणार असा एक तरुण. चौघं तिथे राहतात, झालं. भूत एकदाही दिसत नाही. दारावर धडका बसतात, दार आतल्या बाजूला फुगतं, पण पलीकडे काय आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. कॉलेजात असताना कुणाच्या तरी व्हीएचएस कॅसेटवर पाहिला होता, तेव्हा आठवडाभर रात्रीचा एकटा न्हाणीघराकडे गेलो नव्हतो. मधे एकदा नेटवर पाहिला. आणि आता ही वॉर्नरची २०१३ची ब्लू-रे, भावाने परदेशातून आणलेली, म्हणजे सोहळाच होता.

पण निराशा झाली हो. चित्रात सतत मुंग्या. भिंत, आकाश, ज्युली हॅरिसचा गाल, सगळीकडे बारीक वळवळ. काळं म्हणावं तर काळंच नाही, रात्रीच्या प्रसंगात जिन्यावर ताक सांडल्यासारखा राखाडी धूर. त्यात कडेच्या भिंती आणि चौकटी चक्क वाकलेल्या, कॅमेरा वळला की खांब वाऱ्यातल्या पोफळीसारखे झुकतात. चुलतभावाचा पाच स्पीकरचा संच माळ्यावरून काढून, पुसून, जोडला, तर बोलतो एकटा मधला. चार मुके. अशा सिनेमात धडकांचा आवाज खोलीभर फिरायला नको?

नेटवरच्या प्रतीत यातलं काही जाणवलं नव्हतं. गुळगुळीत चित्र, काळं ते काळं. फिल्मवरून डिस्कवर उतरवताना ट्रान्सफर फसलंय की या दमट हवेत माझीच डिस्क गेली? कुणाकडे असेल तर सांगा.

---

सुरंगी | २० जुलै, सकाळी ८:१०

रुमाल टाकून ठेवते.

केळशी, भर पाऊस, शंभर वर्षांचं घर, रात्री हॉन्टिंग. आणि या गृहस्थांना त्रास कशाचा, तर मुंग्यांचा!

---

जुना_प्रोजेक्टर | २० जुलै, दुपारी १:३२

पडवीकर, डिस्क तुमची ठणठणीत आहे. तुमच्या तक्रारींपैकी एक खरी आहे, बाकीच्या म्हणजे तो सिनेमाच आहे.

वाकलेल्या भिंतींपासून सुरू करतो, कारण ते माझं लाडकं प्रकरण. वाइजला घर अंगावर आल्यासारखं दिसायला हवं होतं, त्यासाठी खूप रुंद लेन्स हवी होती. पॅनाव्हिजन या लेन्स बनवणाऱ्या कंपनीकडे ३० मि.मी.ची एक होती, पण पूर्ण तयार झालेली नव्हती, सरळ रेषा वाकवायची. ती द्यायला ते राजी नव्हते. शेवटी 'लेन्समध्ये दोष आहे हे मला ठाऊक आहे' असं वाइजकडून लिहून घेतलं आणि मग दिली. तुम्हाला जो दोष वाटतोय तो त्या माणसाने सही करून घेतलेला आहे!

मग कॅसेटवर तो का दिसला नाही? सिनेमा २.३५ : १, म्हणजे उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद. जुना टीव्ही १.३३ : १. कॅसेट बनवताना दोन्ही बाजू कापून मधलाच तुकडा ठेवायचे. हिशेब करा, शंभरातला चाळीसहून जास्त भाग गेला. लेन्स सर्वांत जास्त वाकवते ती कडांना, आणि कडा तुम्ही कॉलेजात पाहिल्याच नाहीत. शिवाय आपल्याकडची कॅसेट म्हणजे पाल (PAL) पद्धत, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) दाखवणारी. २४ चौकटींचा सिनेमा २५च्या वेगाने पळवलेला असेल, तर ११२ मिनिटांचा सिनेमा साडेचार मिनिटं आधीच संपला आणि सगळ्यांचे आवाज किंचित चिरके झाले.

मुंग्या म्हणजे ग्रेन. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात, चित्र त्यांचंच बनलेलं असतं. प्रत्येक चौकटीत कण वेगळे पडतात म्हणून वळवळ दिसते. नेटवरच्या प्रतीला ही वळवळ परवडत नाही. प्रत्येक चौकट वेगळी म्हणजे डेटा जास्त, म्हणून ती आधी कण पुसते. ब्लू-रेत चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, डीव्हीडीत जेमतेम दहा. कण पुसले की त्यांच्याबरोबर करड्याच्या बारीक छटाही जातात आणि सावलीत चौकोनी ठिगळं पडतात. तुम्ही ज्याला गुळगुळीत म्हणताय त्यावरून रंधा फिरलाय.

आवाजाबद्दल. सिनेमा मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचा आहे, डिस्कवर तो १.० म्हणूनच दिलाय, एकटा मधला स्पीकर बोलतो ते बरोबर आहे. रिसीव्हरवर कुठलं 'हॉल', 'सिनेमा' वगैरे बटण दाबून आवाज फिरवू नका, हात जोडतो. त्या पहिल्या रात्रीचा प्रसंग पुन्हा बघा: आवाज जवळ येतो, लांब जातो, पण कुठल्या बाजूने ते दोघींच्या डोळ्यांवरून कळतं. त्या जिकडे बघतात तिकडे आपल्याला ऐकू येतं. चार स्पीकर बोलायला लागले तर त्या डोळ्यांना काम उरणार नाही.

आता राखाडी धूर. ही मात्र खरी गडबड, आणि टीव्हीची आहे. एक सांगा, त्याच एचडीएमआय पोर्टला दिवसा दुसरं काही लावता का?

---

पडवीकर | २० जुलै, दुपारी २:०५

लॅपटॉप लावतो, ऑफिसच्या कामाला. अक्षरं बरी दिसावीत म्हणून सेटिंगमध्ये काहीतरी बदललंही होतं. अरे देवा.

---

जुना_प्रोजेक्टर | २० जुलै, दुपारी २:२०

सापडला चोर! उजेडाची मोजपट्टी ० ते २५५ धरा. सिनेमाच्या डिस्कवर काळा म्हणजे १६ आणि पांढरा २३५. कॉम्प्युटरचा काळा ०, पांढरा २५५. तुम्ही टीव्हीला सांगून ठेवलंय की येणारा काळा ० आहे, मग त्याला १६ हा करडाच वाटणार. ब्लॅक लेव्हल नावाचं सेटिंग शोधा, कुठे लो-नॉर्मल असतं, कुठे लिमिटेड-फुल. लो किंवा लिमिटेड करा. उलटी चूक झाली तर सावल्या डांबर होतात, तेही वाईट.

आणि हात फिरवताय तर: व्हिव्हिड बंद, शार्पनेस शून्य, नॉइज रिडक्शन बंद, ती मोशनवाली भानगड बंद, रंगाचं तापमान वॉर्म. कृष्णधवल सिनेमा कूलवर ठेवला की सगळी माणसं नीळ घातलेल्या धोतरासारखी दिसतात.

---

चाकरमानी_४२० | २० जुलै, रात्री ९:५५

सगळं मान्य, पण एवढा उपद्व्याप कशासाठी? एका साठ वर्षांच्या सिनेमासाठी परदेशातून डिस्क, प्लेयर, सेटिंग, हात जोडतो वगैरे. आम्ही डोंबिवलीत लोकलमध्ये मोबाईलवर बघतो आणि घाबरतोसुद्धा. गोष्ट चांगली असेल तर कशावरही पोचते. आणि त्यात भूत दिसतच नाही म्हणता, मग जे दिसत नाही ते एचडीत न दिसलं काय आणि साधं न दिसलं काय?

---

सुरंगी | २० जुलै, रात्री १०:३०

चाकरमानी, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. पण चुकीचं आहे.

काही दाखवायचं नाही असं ज्याने ठरवलं, त्याला अंधार नीट दाखवावाच लागतो. मी हा मोबाईलवरच पाहिला होता, भिंतीचा तो प्रसंग. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

नेल अंथरुणात पडलीय, कुठूनतरी पुटपुट ऐकू येते, मग मूल रडल्याचा आवाज. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर ठेवलाय, चांदणं पडलंय, आणि बघता बघता पानांच्या वेलबुट्टीतून डोळे, तोंड असं काहीतरी जुळायला लागतं. ती थिओचा हात घट्ट धरून असते. पुढे काय होतं ते सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर आत्ताही आला असेल काटा.

मोबाईलवर त्या भिंतीत मला दहा तोंडं दिसली. सगळी हलणारी, चौकोनी. ती सिनेमाने दाखवलेली नव्हती, नेट स्लो होतं म्हणून आलेली. सिनेमाने खपून एक शंका तयार केली आणि प्रतीने तिच्यात फुकटची दहा भुतं सोडली. त्यानंतर कसली भीती वाटणार?

---

चाकरमानी_४२० | २० जुलै, रात्री १०:४१

बरं बाई, हरलो. पण डिस्क घेणार नाही.

---

तिठ्यावरचो | २१ जुलै, सकाळी ६:५०

पडवीकर, तां सगळा ऱ्हवांदे, तुझ्या माळ्यार रात्रीचा कोण धावता तां आदी बघ.

असो. मी वेंगुर्ल्याचा. नव्वदच्या दशकात बाजारात माझी कॅसेट लायब्ररी होती, त्यामुळे तुम्ही दमट हवेचं विचारलंत तिथे माझा अधिकार. आमच्याकडे जून लागला की व्हीएचएसच्या टेपवर पांढरी बुरशी धरायची. झडपेच्या फटीतून बघितलं की गुंडाळीवर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखी दिसे. गिऱ्हाईक तशीच लावायचा, मग त्याच्या व्हीसीआरचं हेड खराब, मग त्या हेडवरून दुसऱ्याच्या चांगल्या कॅसेटला बुरशी. साथीचा रोगच तो. मी एका लाकडी कपाटात खाली चाळीसचा बल्ब लावून ठेवायचो, चार महिने दिवसरात्र. बायको म्हणायची, कोंबडीची पिल्लं काढताय काय.

डिस्कांचं तसं नाही, पण अगदीच निर्धास्तही राहू नका. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून सीडी वरून खरवडली की मेली. डीव्हीडी म्हणजे ०.६ मि.मी.च्या दोन चकत्या चिकटवलेल्या, मधे चमकणारा थर. चिकटवण कडेला नीट नसेल तर हवा-ओल आत शिरते, अॅल्युमिनियम गंजतं, कॉफीचे डाग पडल्यासारखं दिसतं. ब्लू-रेत माहिती चमकत्या बाजूच्या फक्त ०.१ मि.मी. खाली असते, वर कडक लेप असतो म्हणून वाचते. डिस्क उजेडात तिरकी धरून कड बघा. डाग नसतील तर ती सुखरूप.

कोकणात आधी जातो तो प्लेयर. लेन्सवर ओल धरते, समुद्राजवळ असाल तर खारी हवा सर्किटच्या जोडांना खाते. पावसात प्लेयर रोज तासभर तरी चालू ठेवा, नुसता, डिस्क न घालता. आतली ऊब त्याला पुरते. डिस्का पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्या दर महिन्याला तव्यावर गरम करून घ्यायच्या. कागदाच्या खोक्यात ठेवल्या असतील तर आजच बाहेर काढा, वाळवी काय सिनेमा बघून सोडत नाही.

---

पडवीकर | २१ जुलै, सकाळी ९:१५

खोका कागदाचाच आहे. धावतोय डबा शोधायला.

(माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर आहे, दरवर्षी येतो.)

---

आंबोली_घाट | २१ जुलै, रात्री ८:२०

एवढा ऊहापोह परदेशी सिनेमाचा, आपल्याकडे काय कमी आहे? 'रात्रीस खेळ चाले' आल्यावर आकेरीच्या त्या वाड्याकडे गाड्या वळायला लागल्या. आणि कृष्णधवलच म्हणत असाल तर १९४९चा 'महल' घ्या. जोसेफ वीर्शिंगचा कॅमेरा, काय त्या सावल्या! पण मी घेतलेल्या डीव्हीडीत पूर्ण सिनेमाभर कोपऱ्यात विकणाऱ्या कंपनीचा रंगीत लोगो. मधुबाला झोपाळ्यावर, शेजारी लोगो. घड्याळाचे ठोके पडतायत, लोगो. भूतसुद्धा इतकं चिकटून राहत नाही.

बाकी आमच्या आजोळी मागच्या परसात एक मुंजा होता, त्याची हकीकत

---

संपादक | २१ जुलै, रात्री ८:४५

मुंजा, देवचार, चकवा आणि समंध यांचे अनुभव 'गूढ' विभागात लिहावेत. इथे डिस्कबद्दलच बोलू या.

---

आंबोली_घाट | २१ जुलै, रात्री ८:४७

बरं. तो मुंजा कृष्णधवल होता एवढंच सांगतो.

---

जुना_प्रोजेक्टर | २२ जुलै, दुपारी १२:१०

कृष्णधवलवरून आठवलं. हा सिनेमा रंगीत होता होता वाचलाय. टेड टर्नर या अमेरिकन टीव्ही-उद्योजकाच्या हाती एमजीएम स्टुडिओचे जुने सिनेमे आले तेव्हा हाही रंगवायचा घाट होता. वाइजच्या करारात सिनेमा कृष्णधवलच असेल असं कलम होतं, त्याने ते पुढे केलं आणि बेत बारगळला. कलमं वाचून सही करणारा दिग्दर्शक! लेन्सच्या कागदावरही त्यानेच सही केली होती हे विसरू नका.

आणखी एक गंमत बघायला सांगतो. बाहेरून घर दिसतं तेव्हा आकाश बघा. ते इंग्लंडमधलं एटिंग्टन पार्क आहे, आता तिथे हॉटेल चालतं. खोल्या सगळ्या स्टुडिओतल्या, त्यांना मुद्दाम छत घातलेलं, म्हणून कोंडल्यासारखं होतं. बाहेरची दृश्यं इन्फ्रारेड फिल्मवर घेतली. तिच्यावर निळं आकाश काळवंडतं आणि हिरवळ पांढुरकी पडते. उन्हातलं घर, पण प्रकाश या जगातला नाही असं वाटतं. हे कॅसेटवर नुसतं 'खराब प्रिंट' म्हणून खपून जायचं.

डिस्कवर वाइज, पटकथाकार आणि चारही मुख्य नटनट्यांची कॉमेंट्री आहे, दुसऱ्या खेपेला तीही ऐका. चाकरमानी, ही तुमच्या मोबाईलवर मिळत नाही.

---

चाकरमानी_४२० | २२ जुलै, दुपारी १२:१४

हरलो म्हणालो ना राव.

---

पडवीकर | २७ जुलै, रात्री १२:२०

अहवाल सादर.

डिस्कची कड स्वच्छ आहे. सगळ्या डिस्का आत्याच्या चकल्यांच्या जुन्या डब्यात गेल्या. दोन दिवस चकलीचा वास येत होता, डिस्कांना नव्हे, मला. ब्लॅक लेव्हल लिमिटेड केली, व्हिव्हिडपासून मोशनपर्यंत सगळं बंद केलं, आणि आज रात्री साडेनऊला पुन्हा लावला. मधे अर्धा तास लाइट गेले, ते धरायचे नाहीत.

प्रोजेक्टरसाहेब, साष्टांग. जिन्यावरचं ताक गेलं. नुसतं काळं झालं असंही नाही, काळ्यात आत आणखी काहीतरी आहे असं झालं. लोखंडी गोल जिना आहे ना ग्रंथालयातला, त्याच्या खालच्या अंधारात पायऱ्यांच्या कडा एकेक मोजता येतात, आणि शेवटच्या दोन मोजता येत नाहीत. मागच्या वेळी तिथे नुसता राखाडी पडदा होता. मुंग्या अजून आहेत, पण पंधरा मिनिटांनी त्या दिसायच्या थांबल्या. पाऊस ऐकू यायचा थांबतो तसं.

आवाज एकट्या मधल्या स्पीकरवर ठेवला. धडकांच्या प्रसंगात माळ्यावरून कांडेचोर धावला. मी टीव्हीकडे न बघता वर बघितलं, आणि तेवढ्यात पडद्यावरच्या दोघी पण वर बघत होत्या. यापुढे पाच स्पीकरचं नाव काढणार नाही.

आत्या पाय स्टुलावर ठेवून शेजारी बसली होती. इंग्रजी तिला कळत नाही, सबटायटल वाचायला चष्मा नव्हता, त्यामुळे नुसतं बघत होती. भुताचा सिनेमा आहे हे मी सांगितलंच नव्हतं. दार फुगलं तेव्हा म्हणाली, "ओल धरलीय लाकडाने." मग तो भिंतीचा प्रसंग आला. सुरंगी, या खेपेला एकही चौकोन नाही. नुसतं चांदणं आणि नक्षी. बराच वेळ मला काहीच दिसेना, आणि मग दिसलं ते पुन्हा पुसता येईना.

आत्या म्हणाली, "अगोबाई, हे तर आपले भावोजी."

आमच्या माजघरात कोठीच्या दाराशेजारची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. गिलाव्यावर डाग उमटतात, आषाढात फिकट, श्रावणात गडद. त्यात म्हणे टोपी घातलेला एक माणूस दिसतो, आत्या लहान होती तेव्हापासून. सगळ्या बहिणी त्याला 'पावसाळी भावोजी' म्हणायच्या. दिवाळीला चुना मारला की जायचे, मृगानंतर परत हजर. माझ्या जन्मापासून मी या घरात येतोय, मला कुणी बोललं नव्हतं. टॉर्च घेऊन गेलो. आहेत. टोपी जरा डावीकडे कललेली आहे.

---

सुरंगी | २७ जुलै, सकाळी ७:०२

फोटो!! फोटो टाका आधी!

---

आंबोली_घाट | २७ जुलै, सकाळी ७:३०

संपादक, हे 'गूढ' विभागात हलवणार का?

---

पडवीकर | २७ जुलै, सकाळी ८:४०

काढले हो, रात्रीच सात-आठ काढले. मोबाईलने अंधार बघून स्वतःहून नॉइज रिडक्शन केलं आणि भिंत अशी गुळगुळीत करून टाकली की काल चुना मारलाय असं वाटतं. भावोजी एकाही फोटोत नाहीत.